सायकलचं तोंड कुणीकडे होतं

२ सप्टेंबर

बारकू,

तू निघालास तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि माझ्या हातात एकीच्या उसवलेल्या बाह्या होत्या, म्हणून बोलायचं राहिलं. खरं सांगते, दुकान रिकामं असतं तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. फोन नको. फोनवर तू ‘हो वहिनी, हो वहिनी’ म्हणून मोकळा होतोस, आणि त्या दऱ्यांमध्ये आवाज निम्माच पोचतो. कागदावर लिहिलं म्हणजे तुला टाळता येणार नाही. हे पत्र पहिल्या चढाखालच्या पोस्टात तुझ्या आधी पोचेल. तुझ्या सायकलीपेक्षा टपालाची गाडी नक्कीच जोरात जात असणार.

दादा ज्या रस्त्याने शेवटचा गेला त्या रस्त्याने एकदा जाऊन येतो, म्हणजे मन शांत होईल, असं म्हणालास. जा. त्यांचीच सायकल सरळ करून घेतलीस तेही बरं केलंस. वर्षभर ती वाकड्या चाकाने जिन्याखाली उभी होती आणि येताजाता कपड्यांना अडकायची. लोकांना वाटायचं, बाई सायकलवर चिडते.

आता माझं काम. जे काही कळलं ते आपल्याला दवाखान्यातूनच कळलं. वळणावरून खाली गेले, रस्त्याच्या कामावरच्या माणसांनी उचलून आणलं, पिशव्या नदीत गेल्या, अंगावरचे कपडे डॉक्टरांनी कापून फेकून दिले. तू आणायला गेलास तेव्हा तुझ्याही हाती चादरीत गुंडाळलेलंच आलं. पण ते पुढे चालले होते की परत येत होते, हे कुणी सांगितलं नाही. मला तेवढंच हवंय. तिथल्या कुणाला तरी विचार, सायकलचं तोंड कुणीकडे होतं.

वहिनी


६ सप्टेंबर

वहिनी,

जिवंत आहे. मांड्यांचं मात्र खात्रीने सांगता येत नाही.

चष्म्याच्या दुकानात स्टुलावर बसून काचा घासण्यात ज्याचा जन्म गेला त्याने घाट चढायला निघावं, हा दादाचाच विनोद शोभला असता. सगळ्यात हलका गिअर टाकला तरी सायकल हलेना. शेवटी उतरून ढकलत होतो, तर शेजारून एक मेंढी पुढे गेली. मागे वळून बघितलंसुद्धा तिने.

पण वहिनी, दादा इकडे का यायचा ते थोडंथोडं कळायला लागलंय. मोठा रस्ता वरून जातो. हा जुना रस्ता नदीच्या काठाकाठाने, दगडी कुंपणं, मधेच एखादं घर. सकाळची दूधगाडी गेली की दिवसभर कुणी नाही. साखळीचा आवाज तेवढा ऐकू येतो. काल एका उतारावर पाय न मारता दरीच्या तळापर्यंत गेलो आणि तोंडाने चक्क ओरडलो. या वयात. दादाच्या कातडी सीटला त्याच्या बसण्याचे खळगे पडलेत, आणि माझं त्यात कुठेच जमत नाही. सारखा सरकतो. एकदा तर उतरून सीटवर हात ठेवून उभा राहिलो आणि रडलो. कुणी बघणारं नव्हतं.

तुझं काम करतो. पण तुला हे कशासाठी हवंय? तू मनात काही भलतंसलतं तर धरलं नाहीस ना? ‘एक दिवस तिकडेच राहीन’ असं तो गेल्या वर्षी सारखं म्हणायचा, ते मीही ऐकलंय. ती त्याची बोलायची रीत होती गं.

बारकू


९ सप्टेंबर

बारकू,

सीटवर जाड कापडाची घडी घाल आणि बारीक सुतळीने बांध, सरकणार नाही. तुझ्या शाळेच्या चड्ड्या मीच शिवल्यात, तुझं माप मला माहीत आहे, ते त्या खळग्यात मावायचं नाही.

कशासाठी ते विचारू नकोस. भलतंसलतं काय, ते तूच ठरवलंस आणि तूच उत्तर दिलंस. मला फक्त जे असेल ते हवंय. इथे सगळं ठीक. समोरच्या बाईंच्या मुलीचं लग्न ठरलंय, अकरा झगे शिवायचेत आणि प्रत्येकीला आपण बारीक दिसावं असं वाटतंय.

वहिनी


१३ सप्टेंबर

वहिनी,

दादाने शेवटचा मुक्काम जिथे केला त्या घरी पोचलो. गावाच्या टोकाला एकच मजला, तीन खाटा, भिंतीला सायकली टांगायचे हूक. मालकीण साठीच्या पुढची असेल. तिने मला ओळखायचं कारणच नव्हतं, पण सायकल ओळखली. दादाने कारखान्याच्या शाळेत, पोरांना शिकवता शिकवता, लेथवर ती पितळी घंटी वळली होती ना, ती बघून बाई दारातच थांबली. म्हणाली, ‘‘ही तर आली होती माझ्याकडे.’’

मी कोण ते सांगितलं. झालेलं तिला माहीत होतं. पण पहिला प्रश्न काय विचारला सांगू? ‘‘तुमच्या घरची बाई बरी आहे ना आता?’’ मी म्हटलं, ‘‘वहिनी? ठणठणीत आहे, अजून मला ओरडते.’’ तर छातीवर हात ठेवून मटकन खाटेवर बसली आणि म्हणाली, ‘‘देव पावला.’’ कुणा दुसऱ्याच्या घराशी गल्लत करत असणार. इतकी माणसं येऊन जातात, कुणाकुणाचं लक्षात ठेवील बिचारी. मी विषय वाढवला नाही.

तिने सांगितलं, दादा त्या दिवशी उजाडतानाच निघाला. पाव आणि दोन उकडलेली अंडी खाल्ली, ती बरोबर उकडली नाहीत म्हणून तिची थट्टा केली, आणि स्वतःच्या हाताने कप विसळून ठेवला. हे तुला खोटं वाटेल, पण ती शपथेवर सांगते. वळण इथून अर्ध्या दिवसावर आहे. उद्या निघतो.

बारकू


१६ सप्टेंबर

बारकू,

ती बाई आणखी काय म्हणाली? नीट आठवून लिही. तिला मध्येच का तोडलंस? ठणठणीत म्हणे.

आणि वळणाचं लवकर कळव. माझा जीव टांगणीला लागलाय.

वहिनी


१९ सप्टेंबर

वहिनी,

तुझ्या मनासारखं घडलंय, म्हणून आधी तेच लिहितो. दादा परत येत होता.

जागा बघून आलो. रस्ता तिथे खोलगट होतो, दोन्ही बाजूंनी उतार आणि मधे नदीला मिळणाऱ्या ओढ्यावरची मोरी, तिथेच वळण. नुसतं बघून काही कळत नाही, कुठूनही आलं तरी उताराच्या जोरातच मोरीवर येतं माणूस. पण रस्त्याच्या कामावरचा मुकादम सापडला. आता त्यांचं काम पुढे सरकलंय, खडीच्या ढिगाजवळ बसून आम्ही चहा घेतला. त्याच्याच माणसांनी दादाला उचललं होतं. तो म्हणाला, परत येत होते, सायकलचं तोंड घराकडे होतं. घरची ओढ लागली होती त्याला. जेवायलासुद्धा थांबला नाही. ‘‘घरी निघालोय, घरी वाट बघतायत,’’ असं म्हणाला आणि तसाच पुढे सुटला.

तेव्हा आता मनातलं सगळं काढून टाक. तुझ्याकडेच येत होता तो. मी मोरीच्या कठड्यावर बराच वेळ बसलो. खाली पाणी फार सुंदर आहे, हे लिहायलाही जड जातंय.

तुझं उत्तर येईपर्यंत मालकिणीकडेच राहतो. दुकानाच्या मालकाला कळवलंय. पाय पण सुजलेत.

बारकू


२८ सप्टेंबर

बारकू,

उत्तर द्यायला उशीर झाला. अकरा झग्यांपैकी चार परत पाठवले, माझ्याच्याने होईना.

तुला वाटलं मी सुखावेन. तुझा दोष नाही, तुला ठाऊकच नव्हतं. कुणालाच ठाऊक नाही. आता लिहिते.

ते तिकडे असताना मला काखेत गाठ लागली. डॉक्टर म्हणाले, कापून तपासावी लागेल. मी काही घाबरट बाई नाही, तुला माहीत आहे, पण त्या दिवशी एकटीने दुकानाचं कुलूप उघडवेना. मुक्कामाच्या घरचा नंबर त्यांनी माझ्या शिवणाच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवला होता. इतक्या वर्षांत एकदाही मी फिरवला नव्हता. त्या दिवशी सकाळी फिरवला. एक बाई बोलली. मी म्हटलं, त्यांना सांगा, घरच्या बाईला बरं नाही, असाल तसे या. ती म्हणाली, सांगते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला.

गाठ साधी निघाली. चरबीची. डॉक्टर हसून म्हणाले, उगाच घाबरलात.

निरोप त्यांना मिळाला की नाही, एवढंच मला कळत नव्हतं. पुढे चालले असतील तर मिळाला नसेल, मग जे झालं ते झालं. परत येत असतील तर मी बोलावलं म्हणून आले, मी घाबरवलं म्हणून जेवले नाहीत, माझ्यापायी उतारावर घाई केली. तुझ्या पत्रात तेच लिहिलंय, शब्दाला शब्द. ‘घरी वाट बघतायत.’

मीच त्यांना त्या वळणावर आणलं, बारकू. एका चरबीच्या गाठीसाठी.

तू परत ये आता. माझ्यावर रागावू नकोस, किंवा रागाव, पण ये.

वहिनी


२ ऑक्टोबर

वहिनी,

मला जोड्याने मार. मी खोटं लिहिलं.

मला वाटलं, तुला भीती आहे की दादा तुला सोडून चालला होता. तिकडेच राहीन म्हणायचा ना, मला वाटलं ते तुझ्या मनात रुतून बसलंय. म्हणून तुझ्याकडे वळवून टाकला त्याला. मुकादम यातलं एक अक्षरही बोलला नव्हता. घरी वाट बघतायत, जेवायला थांबला नाही, सगळं मी खाटेवर बसून रचलं, आणि पत्र पेटीत टाकून आल्यावर मला फार बरं वाटलं होतं. काय मूर्ख माणूस आहे मी.

आता खरं लिहितो. त्यांचं काम तेव्हा वळणाच्या अलीकडे चाललं होतं. दादा सकाळी तिथे थांबला, त्यांच्या पिंपातलं पाणी भरून घेतलं, साखळीला तेल सोडलं, एका मजुराच्या फावड्याचा ढिला दांडा बसवून दिला आणि तळ्याकाठच्या गावाला किती वेळ लागेल ते विचारलं. म्हणजे पुढच्या गावाला. मग शीळ घालत पुढे गेला. दुपार टळल्यावर ते सगळे पुढच्या कामावर निघाले तेव्हा मोरीखाली तो दिसला. पुढेच चालला होता, वहिनी.

तुझं पत्र वाचून मालकिणीला विचारलं. ती म्हणाली, फोन आला तेव्हा दादा निघून गेला होता. तिने कुंपणापर्यंत धावत जाऊन हाका मारल्या. मग त्या रस्त्याने जाणाऱ्या दूधगाडीवाल्याला सांगितलं, वाटेत दिसले तर निरोप दे. तो आता हे गाव सोडून गेलाय, कुठे ते कुणाला माहीत नाही. वर्षभर ती बाई याच विचारात होती की त्या घरच्या बाईचं पुढे काय झालं.

दूधगाडीचं मी लपवू शकलो असतो. लपवलं नाही. आता तरी माझं ऐक.

बारकू


६ ऑक्टोबर

बारकू,

आधी गोड वाटेल ते लिहिलंस, आता बरं वाटेल ते लिहितोस. दोन्ही पत्रांत अक्षर तितकंच सुबक. मी कुठल्या बारकूवर विश्वास ठेवू?

आणि मुकादमाने तरी काय पाहिलं? सकाळी पुढे जाताना पाहिलं आणि दुपार टळल्यावर खाली पडलेलं पाहिलं. मधल्या वेळात दूधगाडी भेटली असेल, निरोप कळला असेल, तिथूनच वळले असतील. तूच म्हणतोस दोन्हीकडून उतार आहे.

तुझ्यावर रागावले नाही. तुझी माया आंधळी आहे, काचा घासूनही सुधारली नाही.

एकच विचारून ये, आणि हे शेवटचं. मुकादमाने त्यांना उचललं तेव्हा अंगात शर्ट कुठला होता? कारण विचारू नकोस. अंदाजाने लिहू नकोस. आठवत नसेल तर आठवत नाही असं लिही.

वहिनी


१० ऑक्टोबर

वहिनी,

तुझं पत्र हातात घेऊनच मुकादमाकडे गेलो. मध्ये एक मोठा चढ आहे, तो न उतरता चढलो, कसा ते मलाच कळलं नाही.

त्याला विचार करावा लागला नाही. खाकी शर्ट, धुऊन धुऊन विटलेला, डाव्या कोपराला निळ्या कापडाचं ठिगळ. त्याच्या लक्षात राहिलं, कारण दादाच्या पायाचं रक्त थांबेना तेव्हा त्याने तीच बाही फाडून बांधली होती. ठिगळ इतकं पक्कं शिवलेलं होतं की फाडताना तिथे अडलं, दातांनी टाके तोडावे लागले, असं म्हणाला. त्याने दादाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. दादा काही बोलला नाही. तो खोटं सांगणारा माणूस नाही आणि मी त्याच्यासमोर बसून लिहितोय. तुझा माझ्यावर विश्वास उरला नसेल म्हणून त्याने खाली सही केलीय.

या शर्टाचं काय आहे ते मला कळत नाही. तू सांगितलं नाहीस म्हणून यावेळी काही रचायलाही आलं नाही.

बारकू


१४ ऑक्टोबर

बारकू,

पत्र पोचलं. मुकादमाची सही बघितली. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि त्या टाक्यांसाठी मला माफ करा म्हणावं. मी टाके नेहमी जास्तच घट्ट घालते.

आता कारण सांगते. दर वर्षी ते निघायचे तेव्हा मी एक नवा शर्ट शिवून, इस्त्री करून, पिशवीच्या अगदी तळाशी घालायची. तो परतीचा. जाताना काय वाटेल ते फाटकंतुटकं घाला, पण घरी येताना माणूस माणसासारखा दिसला पाहिजे, असं मीच पहिल्या वर्षी म्हटलं होतं. त्यांनी ते पाळलं. सायकल वळवायच्या आधी रस्त्याच्या कडेला उभं राहून शर्ट बदलायचे, मग पुन्हा इकडे तोंड करायचे. एका वर्षी निम्म्यातून तापाने फणफणून परत आले, दात वाजत होते, तरी अंगात नवा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मी खूप ओरडले. ते म्हणाले, तू घालून ये म्हणालीस ना. हे आम्हा दोघांतलं होतं, तुला कुठून माहीत असणार.

गेल्या वर्षीचा पांढऱ्यावर हिरव्या रेघांचा होता. तो नदीत गेला. अंगात खाकीच होता.

म्हणजे निरोप पोचला नाही. माझ्यापायी गेले नाहीत. हे मी वर्षभर स्वतःला सांगत होते आणि एकदाही खरं वाटलं नव्हतं. काल खरं वाटलं, आणि मी मशीनवर डोकं टेकून बसून राहिले. समोरच्या बाई माप द्यायला आल्या होत्या, त्या तशाच परत गेल्या.

तुला वाटेल, वहिनी सुटली. सुटले रे. पण आता तुझ्यापासून काय लपवायचं? वर्षभर मी स्वतःला बोल लावायची, रडायची, जेवण टाकून उठायची, पण त्या सगळ्यात ते माझ्याकडे येत असायचे. डोळे मिटले की त्या रस्त्यावरून इकडे तोंड करून येताना दिसायचे. घाईत, घाबरलेले, पण माझ्याकडे. तेवढं तरी माझ्याजवळ होतं. आता डोळे मिटले की पाठ दिसते. जुना शर्ट घालून, शीळ घालत, मजेत पुढे चाललेत, आणि मी इकडे हाक मारतेय हे त्यांना ठाऊकच नाही.

खरं तेच हवं होतं मला. ते मिळालं. त्यात तुझी काही चूक नाही.

तू आता निघ. घाई करू नकोस, उतारावर ब्रेक धर, थकलास तर खुशाल ढकलत ये. फक्त ज्या दिवशी वळशील त्या दिवशी मला एक ओळ लिही. कुणीतरी इकडे यायला निघालंय, एवढं मला कळू दे.

वहिनी